जुन्या करारात प्रभू कुठे भेटतो?

मननासाठी शास्त्रभाग : लूक २४:१३-३५



उज्जैनमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडी प्रभूची दोन नावे असतात. रविवारी चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, तिथे आम्ही ‘यीशु मसीह’ म्हणतो. संध्याकाळी घरी मराठी बायबल उघडले, की तोच ‘येशू ख्रिस्त’ होतो. आमची मुले शाळेत हिंदी आणि घरी मराठी बोलतात. त्यांच्यापैकी एखादे कधीतरी विचारतेच, ‘मसीह आणि ख्रिस्त एकच का?’ हो, एकच. ‘मसीह’ किंवा ‘मशीहा’ हा मूळचा इब्री शब्द, अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. ‘ख्रिस्त’ हा ग्रीक शब्द. दोन्हींचा अर्थ ‘अभिषिक्त’, म्हणजे ज्याच्या मस्तकावर तेल ओतून देवाने त्याला एका कामासाठी वेगळे केले आहे असा.

तेव्हा ख्रिस्त हे काही येशूचे आडनाव नव्हे. ती पदवी आहे, आणि ती पदवी जुन्या करारातून आली आहे. मोशेने आहरोनाच्या मस्तकावर तेल ओतले आणि तो याजक झाला. शमुवेलाने मेंढरांमागून बोलावून आणलेल्या दाविदाला तेलाचा अभिषेक केला आणि तो पुढे राजा झाला. अलीशाला आपल्या जागी संदेष्टा म्हणून अभिषेक कर, अशी आज्ञा एलीयाला मिळाली. याजक, राजा आणि संदेष्टा. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने यशयाची गुंडाळी उघडली, आत्म्याने अभिषेक झालेल्याविषयीचा भाग वाचला आणि तो आजच पूर्ण झाला असे सांगितले. तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात हा सगळा इतिहास होता. आपण राहतो त्या गावात ‘अभिषेक’ हा शब्द रोज कानांवर पडतो, त्यामुळे तो समजावून सांगायला आम्हाला फार त्रास पडत नाही. इतकेच सांगावे लागते, की इस्राएलात अभिषेक माणसाचा होत असे, आणि तो त्याला सेवेला लावण्यासाठी होत असे.

म्हणजे ‘येशू ख्रिस्त’ एवढे दोन शब्द उच्चारले, की आपण जुना करार उघडलेलाच असतो. तरीही घरोघरी परिस्थिती काय आहे? बायबलची मागची पाने बोटांनी मऊ झालेली असतात आणि पुढची पाने अजून एकमेकांना चिकटलेली. स्तोत्रे वाचली जातात, वचनपेटीतले एखादे वचन सकाळी काढले जाते, दहा आज्ञा पाठ असतात. बाकी सारे ‘जुने’. आमच्या घरगुती प्रार्थनासभेत, जिथे काही घरे कॅथलिक आहेत आणि काही प्रॉटेस्टंट, हा विषय निघाला तेव्हा एका भावाने सर्वांच्या मनातले बोलून दाखवले : ‘आपल्याला येशू मिळाला ना? मग त्या लढाया, वंशावळ्या आणि यज्ञाचे नियम कशाला वाचायचे?’

प्रश्न जुनाच आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने अगदी हेच म्हटले होते. त्याने जुना करार बाजूला काढला आणि शुभवर्तमानांपैकी एक लूकचेच, तेही काटछाट करून ठेवले. मंडळीने त्याचे म्हणणे मान्य केले नाही. का केले नाही, हे समजून घ्यायचे असेल तर पुनरुत्थानाच्या दिवशी दुपारी यरुशलेमेहून अम्माऊसकडे निघालेल्या दोघांच्या मागोमाग जायला हवे.

वाटेवरचे प्रवचन

वाट सुमारे अकरा किलोमीटरची. दोघांपैकी एकाचे नाव क्लयपा, दुसऱ्याचे नाव लूक सांगत नाही. दोघेही खचलेले. इस्राएलाची सुटका करणारा हाच, अशी त्यांची आशा होती आणि ती आशा आता भूतकाळात बोलली जात होती. गंमत अशी, की त्यांना माहिती सगळी होती. वधस्तंभाची बातमी ठाऊक होती, कबर रिकामी असल्याचे ठाऊक होते, स्त्रियांना देवदूत दिसल्याचेही ठाऊक होते. शास्त्र तर लहानपणापासून ऐकलेले. माहितीचे सारे तुकडे हातात असूनही त्यांचे एक चित्र होत नव्हते.

तेव्हा प्रभू त्यांच्या बरोबरीने चालू लागला. त्याने आपले हात-पाय दाखवून ओळख पटवली असती तर काम एका क्षणात झाले असते. तसे त्याने केले नाही. त्याने मोशेपासून सुरुवात केली, सर्व संदेष्ट्यांकडे गेला आणि आपल्याविषयी काय काय लिहिले आहे ते उलगडून सांगितले. लक्षात घ्या, त्या दिवशी नव्या कराराचे एकही पान लिहिलेले नव्हते. पुनरुत्थित प्रभूचे हे प्रवचन संपूर्णपणे जुन्या करारावर झाले.

आणि लूकने या प्रवचनातले एकही वचन लिहून ठेवलेले नाही! प्रभूने कोणता अध्याय घेतला, कुठे थांबला, कशावर भर दिला, काहीच नाही. आम्हाला पूर्वी याची हळहळ वाटायची. आता वाटते, यातही देवाची योजना असावी. यादी मिळाली असती तर आपण ती पाठ केली असती आणि पुस्तक मिटले असते. यादी नसल्यामुळे मंडळी दोन हजार वर्षे ती वाट पुन्हा पुन्हा चालते आहे.

प्रेषितांनी काय केले

त्या वाटेवरचे पहिले वाटसरू प्रेषितच होते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र उभा राहिला, तेव्हा त्याने योएल संदेष्टा उघडला आणि मग १६ वे आणि ११० वे स्तोत्र. गाझाच्या रस्त्यावर रथात बसून यशया वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्याने फिलिप्पाला विचारले, की संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्पाने त्याच भागापासून सुरुवात करून त्याला येशूचे शुभवर्तमान सांगितले. तो भाग यशयाच्या ५३ व्या अध्यायातला होता, वधाला नेलेल्या मुक्या मेंढराचा.

खुद्द प्रभूनेही हे केले होते. रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला त्याने रानात मोशेने खांबावर चढवलेल्या पितळेच्या सर्पाची आठवण दिली. जमावाला मान्न्याविषयी बोलताना ‘खरी भाकर’ कोण हे सांगितले. चिन्ह मागणाऱ्यांना योनाचे तीन दिवस दाखवले. योहानाने वधस्तंभाजवळ उभे राहून पाहिले, की प्रभूचे पाय मोडले गेले नाहीत, आणि त्याला वल्हांडणाच्या कोकऱ्याविषयीचा निर्गमातला नियम आठवला : त्याचे एकही हाड मोडायचे नाही.

नीट पाहिले तर यात पाहण्याच्या तीन रीती आहेत. पहिली वचनाची : देवाने जे सांगून ठेवले ते घडले. मीखा बेथलेहेमाचे नाव घेतो आणि मत्तय ते नाव दाखवतो. दुसरी छायेची : एखादी व्यक्ती, वस्तू किंवा घटना ख्रिस्ताची आकृती आधीच दाखवते, जसे कोकरा, सर्प, मन्ना. तिसरी रीत साऱ्या कथेची. अब्राहामाला मिळालेले आशीर्वादाचे वचन, मिसरातून सुटका, राज्य, बंदिवास, परत येणे, आणि या सगळ्यातून वाट पाहणारे लोक. सुटे वचन हाती आले नाही तरी ही कथा कुठे चालली आहे ते कळते.

वेधशाळेतली सावली

‘छाया’ हा शब्द आमचा नाही, पवित्र शास्त्राचाच आहे. नियमशास्त्राला पुढे येणाऱ्या चांगल्या गोष्टींची छाया म्हटले आहे ते इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात. कलस्सैकरांसही पौल तेच सांगतो आणि पुढे म्हणतो, की ज्याची ती छाया ते शरीर मात्र ख्रिस्ताचे आहे.

हे समजायला उज्जैनकरांना दूर जावे लागत नाही. क्षिप्रेच्या काठाजवळ अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने बांधलेली वेधशाळा आहे. तिथे सावलीवरूनच वेळ वाचतात. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे दरवर्षी २१ जूनच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास शंकुयंत्राभोवती लोक गोळा होतात. त्या वेळी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि शंकूची सावली त्याच्या पायाशी विरून जाते. आमच्या गटातल्या मुलांना घेऊन आम्ही हे पाहिले आहे.

सकाळी तीच सावली लांबलचक असते. कशाची आहे ते ओळखणे कठीण, आकार ताणलेला, टोक कुठल्या कुठे. दिवस चढतो तशी ती आखडते, स्पष्ट होते आणि शेवटी मूळ वस्तूच्या पायापाशी येते. उत्पत्तीतल्या सावल्या सकाळच्या आहेत. हाबेलाचे रक्त, मलकीसदेकाची भाकर आणि द्राक्षारस, नोहाचे तारू, यांत ख्रिस्त आहे हे एकदम सांगता येत नाही. यशया-यिर्मयापर्यंत येता येता रेषा ठळक होतात. आणि काळाची पूर्णता झाली तेव्हा सावली जिची होती ती व्यक्तीच समोर उभी राहिली.

पण सावलीला कोणी खोटी म्हणत नाही. सावली पडली याचा अर्थ तिथे खरोखर कोणीतरी आहे. म्हणून जुना करार हा ख्रिस्ताच्या आधीचा, संपून गेलेला भाग नाही. तो ख्रिस्ताचाच आहे, त्याच्या पायाशी जोडलेला.

आपल्या मराठीने हे फार पूर्वी जाणले

आपल्या भाषेतल्या विश्वासणाऱ्यांना ही गोष्ट नवीन नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी मराठी शिकून सुमारे ११,००० ओव्यांचा ग्रंथ रचला. १६१६ साली तो राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. आज आपण त्याला ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. मूळ पोर्तुगीज शीर्षकात मात्र विषय असा सांगितला आहे, की हे आपल्या तारणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या या जगातल्या आगमनाविषयीचे विवेचन आहे.

आता ग्रंथ उघडा. आगमनाविषयीचा ग्रंथ म्हटल्यावर आपण गव्हाणीपासून सुरुवात होईल असे समजू. तसे नाही. ग्रंथाचे दोन भाग आहेत, पहिले पुराण आणि दुसरे पुराण. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे. प्रभूचा जन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. फादर स्टीफन्स यांच्या मनात शंकाच नव्हती : आदामाला बागेबाहेर जावे लागले त्या दिवसापासून जे घडत गेले, ते सगळे ख्रिस्ताच्या येण्यातच मोडते. ओव्या ऐकायची सवय असलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी नुसते शुभवर्तमान दिले नाही. त्यामागची लांब वाटही दिली. गोव्यात आणि पुढे मंगळूरच्या बाजूला ख्रिस्ती लोकांनी हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या गायला. पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांनी तो जिवंत ठेवला, आणि १९०७ साली मंगळूरहून तो पुन्हा छापून आला. माणसे हाताने काय उतरवून घेतात? ज्याच्यावाचून आपले चालणार नाही तेच.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रियांचा सांभाळ करता करता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक या मूळ भाषा अभ्यासल्या आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्या नव्या करारावर थांबू शकल्या असत्या. त्या काळी नुसता नवा करार हाती देणे ही काही कमी गोष्ट नव्हती. पण लेवीयपासून मलाखीपर्यंत सगळे त्या बायकांच्या हाती पडावे, असा त्यांचा आग्रह होता. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ साली बाहेर पडले. छपाईचे कामही मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले.

मोरिया डोंगरावर

आता एक कठीण प्रसंग सांगायला हवा, कारण त्याने आमच्या गटाला या विषयाचे खरे वजन दाखवले.

त्या महिन्यात उत्पत्तीचा २२ वा अध्याय वाचायचा होता. अब्राहाम आपल्या मुलाला घेऊन मोरियाकडे जातो तो. गटातल्या एका तरुणाने छान तयारी केली होती. त्याने सांगितले, की एकुलता, लाडका मुलगा ही पहिली खूण. मुलाच्याच पाठीवर होमाची लाकडे, जसा प्रभूच्या खांद्यावर वधस्तंभ. तिसऱ्या दिवशी ती जागा दिसली. आणि इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाप्रमाणे पुढे यरुशलेमचे मंदिर याच मोरिया डोंगरावर बांधले गेले. एकेक जुळणी ऐकताना सगळे माना डोलावत होते.

आमच्यात एक ताई आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांचा तरुण मुलगा आजारपणात गेला. त्या सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, ‘इसहाक संध्याकाळी घरी परत आला. सारेला तिचं लेकरू मिळालं. माझं आलं नाही. मग या अध्यायात माझ्यासाठी काय आहे?’

खोलीत कोणी बोलेना. जुळण्यांची सगळी यादी त्या एका वाक्यापुढे लहान झाली. थोड्या वेळाने गटातल्या सर्वांत वयस्कर काकू त्यांच्याजवळ सरकून बसल्या. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘अगं, मोरियावर एडका सापडला. कालवरीवर सापडला नाही. तिथं कोणी थांबवायला हाक मारली नाही. आपल्या देवानं स्वतःचं लेकरू जाताना पाहिलंय. तुझ्याशेजारी बसायचं झालं तर तोच बसू शकतो.’

काकूंनी ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेतलेले नाही. पण रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल नेमके हेच म्हणतो, की देवाने आपल्या स्वतःच्या पुत्राला राखून ठेवले नाही. शब्दही जवळजवळ उत्पत्ती २२ मधलेच.

त्यानंतर आम्ही जुना करार वाचताना एक गोष्ट मुद्दाम शोधू लागलो. छाया आणि ख्रिस्त जुळतात कुठे हे तर पाहतोच, पण त्या जुळत नाहीत कुठे, हेही पाहतो. इसहाक वाचला, येशू वाचला नाही. योना देवापासून पळाला, येशू गेथशेमाने बागेत थांबला. मोशेला वचनदत्त देशात पाऊल टाकता आले नाही, येशू आपल्याला आत घेऊन जातो. दाविदाने दुसऱ्याची पत्नी घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवले. दाविदाच्या पुत्राने आपल्या वधूसाठी, मंडळीसाठी, स्वतःचा जीव दिला. आहरोनाला आधी स्वतःच्या पापांसाठी अर्पण करावे लागे, येशूला तशी गरज नव्हती. साम्य दिसते तेव्हा आपण त्याला ओळखतो. जिथे साम्य संपते तिथे शुभवर्तमान सुरू होते.

त्या ताईंसाठी आणखी एक दार उघडले. मत्तयाने नाताळाच्या कथेतच बेथलेहेममधल्या मारल्या गेलेल्या बाळांची हकिकत सांगितली आहे, आणि तिथे त्याला यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायातली राहेल आठवते, आपल्या मुलांसाठी रडणारी, कोणाचेही सांत्वन न घेणारी. विचार करा, मत्तय ख्रिस्ताच्या खुणा शोधत जुना करार चाळतो आहे आणि त्याला त्यात समजूत न पटणारी एक आई सापडते. तिला तो गप्प करत नाही. तिचे रडणे तो ख्रिस्ताच्या कथेत जागा देऊन ठेवतो. वधस्तंभावर खुद्द प्रभूनेही आपल्या वेदनेसाठी नवे शब्द शोधले नाहीत. देवाने आपल्याला का सोडले, असा २२ व्या स्तोत्रातला आक्रोश त्याने आपला केला. जुन्या करारात जितके रडणे आहे, तितक्या सगळ्यात तो उतरला.

पुढच्या महिन्यात यिर्मया ३१ मोठ्याने वाचायला त्या ताईंनी स्वतःहून बायबल हातात घेतले. राहेलीच्या रडण्यापुढच्या दोन वचनांत देव तिला मुले परत येण्याची आशा देतो. तिथे त्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. आम्ही तेवढ्यावर प्रभूची स्तुती केली.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

ख्रिस्ताला शास्त्रात पाहायची गोडी लागली, की कधी कधी आपण वाहवत जातो. तंबूची प्रत्येक खुंटी, प्रत्येक आकडा, प्रत्येक रंग म्हणजे काहीतरी गुपित, असे सांगणारी प्रवचने आपण ऐकली असतील. संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणीवरच्या आपल्या ग्रंथात एक सोपी कसोटी दिली आहे : शास्त्राचा जो अर्थ देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढवत नाही, तो काढणाऱ्याला शास्त्र अजून समजलेले नाही. एखाद्या जुळणीने आपली हुशारी दिसत असेल आणि वधस्तंभ दिसत नसेल, तर ती तिथेच सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे शास्त्र आपल्याला यहूदी लोकांच्या हातून मिळाले आहे. त्यांनी ते जपले, गायले, त्यासाठी छळ सोसला. मराठी माणसाला यहूदी दूरचे वाटायचे कारण नाही. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची मायबोली मराठीच. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आपण म्हणतो मशीहा आला, ते म्हणतात तो यायचा आहे. हा फरक खरा आहे आणि तो लपवायचा नाही. पण ‘त्यांना त्यांचेच पुस्तक कळले नाही’ असे तुच्छतेने बोलणाऱ्याने रोमकरांस पत्राचा ११ वा अध्याय वाचावा. पौल आपल्याला रानटी जैतुनाची फांदी म्हणतो, चांगल्या झाडावर कलम केलेली. आपण मुळाला आधार देत नाही, मूळ आपल्याला देते. आणि अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघेही यहूदी होते, जवळचे शिष्य होते, तरी प्रभूने उलगडेपर्यंत त्यांनाही दिसले नव्हते. दिसणे हे कृपेने होते, हुशारीने नव्हे.

घरी काय करता येईल

लेवीयपासून एका दमात सुरुवात करा असे आम्ही सांगणार नाही. तशी सुरुवात केलेले अनेक जण तिसऱ्या आठवड्यात थांबतात. रविवारच्या उपासनेत जुन्या करारातले वाचन होते, तेवढेच शनिवारी रात्री घरी सर्वांनी मिळून वाचा. वाचून झाल्यावर तीन गोष्टी विचारा. हे ज्यांच्यासाठी आधी लिहिले गेले, त्यांना देव काय सांगत होता? यात येशूची कोणती खूण दिसते? आणि तो इथल्या माणसांपेक्षा वेगळा कुठे आहे? उत्तर सापडले नाही तर बिघडत नाही. प्रश्न घेऊन झोपा आणि सकाळी चर्चला जा.

कारण लूकच्या त्या अध्यायात शेवटी काय घडले ते विसरू नये. वाटेत शास्त्र उलगडताना त्यांची अंतःकरणे पेटली होती. पण ओळख पटली ती संध्याकाळी, त्यांनी परक्या वाटसरूला घरात राहायचा आग्रह केला आणि त्याने भाकर मोडली तेव्हा. वाटेवर शास्त्र, घरात भाकर. दोन्ही एकाच दिवसाचे, एकाच प्रभूचे. आणि ओळख पटल्यावर ते तिथेच बसून राहिले नाहीत. त्याच घटकेला, रात्रीच्या अंधारात, तीच अकरा किलोमीटरची वाट ते इतरांना सांगायला उलटे चालून गेले.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमचा मसीह, तूच आमचा ख्रिस्त. आमच्या घरातल्या बायबलची न उघडलेली पाने तुझ्या हातांनी उघड. जिथे तू आम्हाला दिसतोस तिथे आम्हाला आनंद दे. जिथे दिसत नाहीस तिथे धीर दे आणि आमच्याबरोबर चालत राहा. ज्या आई-बापांची लेकरे संध्याकाळी घरी परत आली नाहीत, त्यांच्याशेजारी आज तू बस. ज्या लोकांनी तुझे शास्त्र आमच्यापर्यंत आणले त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर राहू दे. आणि भाकर मोडताना आमचे डोळे उघड. आमेन.

प्रभूच्या सेवेत,
उज्जैनचे आपले बंधू-भगिनी